गेलेलं पत्र इथेच कसं

रविवार, १३ जानेवारी २००२

सुनीलने आज कॉम्प्युटर आणून बसवला. कुठल्याशा ऑफिसातून जुना मिळाला म्हणाला. टीव्हीशेजारी टेबल ओढलं, फोनची वायर त्यात खुपसली आणि मला खुर्चीत बसवून म्हणतो, "बाबा, एकतीस वर्षं पत्रं वाटलीत, तुम्हाला हे एका दिवसात जमेल." पत्रं वाटतो तो पोस्टमन. मी स्टेशनाजवळच्या सॉर्टिंग ऑफिसात सॉर्टर होतो, नुसती खणात टाकायचो. माझ्या मुलाला हा फरक अजून कळलेला नाही आणि आता मी समजावून सांगणार नाही.

ई-मेलच्या प्रोग्रामात डाव्या हाताला एकाखाली एक पाच खण आहेत. इनबॉक्स, आऊटबॉक्स, सेंट आयटम्स, डिलिटेड आयटम्स, ड्राफ्ट्स. बघून जीव भांड्यात पडला. आमच्याकडे एका माणसापुढे अठ्ठेचाळीस खण असायचे आणि माझी पत्रं न बघता बरोबर खणात पडायची. पाच खणांना काय भ्यायचं.

सुनीलने एका कागदावर लिहून दिलं. आधी पत्र लिहा, मग 'सेंड' दाबा, मग फोन लागला की 'सेंड-रिसीव्ह' दाबा. तो उद्या मालेगावला परत जातो, यंत्रमागांची दुरुस्ती करतो तिथे. आता महिना-दोन महिने यायचा नाही. जाताना त्याने कागदाच्या मागे छायाचा ई-मेलचा पत्ता लिहिला. मी मागितला नव्हता. त्यानेही काही विचारलं नाही.

छाया माझी मोठी. कोइमतूरला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दर रविवारी आईशी, म्हणजे झुंबरबाईशी, फोनवर बोलते आणि मी उचलला की ठेवून देते. या मे महिन्यात चार वर्षं होतील. मी तिला तीन रजिस्टर पत्रं पाठवली, तिन्ही 'रिफ्यूज्ड' असा शेरा घेऊन परत आली. असले शेरे मी हजारो बघितले आहेत. स्वतःच्या अक्षरातल्या पाकिटावर बघितला तेव्हा जेवण गेलं नाही.

सुनील म्हणतो, ई-मेलला नकार देता येत नाही, ते पोचतंच. मला एवढंच हवंय. तिने माझं एक पत्र वाचावं आणि एकदा बाबा म्हणावं.

बुधवार, १६ जानेवारी

पहिलं पत्र लिहिलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. एका बोटाने टाइप करायला पावणेदोन तास लागले. झुंबरबाई दोनदा येऊन विचारून गेली की यंत्र बिघडलं का.

पत्रात असं लिहिलं: चि. छाया हिस अनेक आशीर्वाद. १९९० साली हैदराबादहून तुझं पत्र आलं होतं, ते माझ्या हातून राहून गेलं. त्या दिवसांत टपाल फार होतं. तुझं नुकसान झालं याचं वाईट वाटतं. झालं गेलं विसरून जावं.

पत्र बरं झालंय. लोटांगणही घातलं नाही आणि ताठाही धरला नाही.

ते हैदराबादचं पत्र म्हणजे तिचं बोलावणं होतं. बी.एस्सी. झाल्यावर तिने बियाण्यांच्या संशोधनाच्या एका संस्थेत अर्ज केला होता, वर्षभराचं शिक्षण आणि पुढे तिथेच नोकरी. पत्र आलं, पण तिला मिळालं नाही. मग तिने बी.एड. केलं आणि सुरगाण्याच्या बाजूला आश्रमशाळेत सहा वर्षं शिकवलं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात शाळा सोडल्याचा दाखला शोधताना माझ्या ट्रंकेत तिला ते पाकीट सापडलं. तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलं. तिकडे नव्याने परीक्षा देऊन आता आहे तिथे पोचली. हे सगळं मला तिच्या आईकडून कळतं.

असो. सेंड दाबलं. पत्र आऊटबॉक्समध्ये जाऊन बसलं. मग फोन लावला, मशीन किंचाळलं, सेंड-रिसीव्ह दाबलं. आऊटबॉक्स रिकामा झाला. बरं वाटलं.

शुक्रवार, १८ जानेवारी

पत्र गेलेलंच नाही. आज सहज एकेक खण उघडून बघितला तर सेंट आयटम्समध्ये ते जसंच्या तसं पडलेलं. उघडून वाचलं. शब्दन् शब्द जागेवर.

आऊटबॉक्समधून निघालं ते बाहेर न पडता शेजारच्या खणात गेलं. अशा चुका नवी माणसं करतात. खणावर 'सेंट' लिहिलं म्हणून काय झालं, बॅगेवर 'मुंबई' लिहिलेलं असतं तेव्हा ती नाशिकरोडच्या फलाटावरच असते. गेलेलं पत्र इथेच कसं असेल? एकतीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. पत्र एका वेळी एकाच जागी असतं.

पुन्हा सगळं टाइप करून पुन्हा पाठवलं. आता त्या खणात दोन पडली आहेत.

रविवार, २० जानेवारी

रावजी आला होता. देवळाली कॅम्पहून बसने येतो, महिन्यातून एक रविवार. माझ्या शेजारच्या स्टुलावर त्याने बावीस वर्षं काढली. माणूस असा की पाकीट हातात घेऊन आत फोटो आहे की राखी ते सांगेल.

त्याला खण दाखवले. चष्मा कपाळावर चढवून त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "गोट्या, रिफ्यूज केलं असतं तर शेरा असता. शेरा दिसतोय का कुठे?"

"नाही."

"मग तिने नाकारलं नाही. ते तिच्यापर्यंत गेलंच नाही. पत्ता बघू."

पत्ता बघून त्याने कपाळाला हात लावला. गाव नाही, जिल्हा नाही, पिनकोड नाही. "असलं पाकीट आपण दोघांनी कुठल्या खणात टाकलं असतं?" म्हणाला. मलाही लाज वाटली. सुनीलने दिलेल्या पत्त्यावर इतका भरवसा टाकायला नको होता.

चहा झाल्यावर आम्ही दोघांनी बसून विषयाच्या जागी पूर्ण पत्ता टाइप केला. कुमारी छाया, प्रयोगशाळेचं नाव, कोइमतूर, तमिळनाडू, पिनकोड. पिनकोड रावजीने तोंडपाठ सांगितला.

सोमवार, २१ जानेवारी

पिनकोडसह तिसरं पत्र पाठवलं. तेही त्याच खणात.

शुक्रवार, २५ जानेवारी

पत्ता बरोबर आणि तरी जात नाही, म्हणजे आतच काहीतरी कमी असणार. पत्र फार कोरडं होतं असं मला वाटायला लागलंय. नव्याने लिहिलं. त्यात घातलं की त्या साली तुझी आई अंथरुणाला खिळली होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं, तू गेली असतीस तर तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं. म्हणून मन घट्ट करून मी ते पत्र बाजूला ठेवलं. बाप म्हणून मला दुसरा मार्ग दिसला नाही.

लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले. पाठवलं. सेंट आयटम्समध्ये चौथं.

बुधवार, ३० जानेवारी

तेच पुन्हा पाठवलं. तेच पुन्हा पडून. गाडी चुकली की फलाटावर बॅगा साठत जातात, तसं झालंय.

रविवार, ३ फेब्रुवारी

छायाचा फोन सकाळी येऊन गेला. झुंबरबाई फोनवर हसत होती, मग मधेच गप्प झाली. फोन ठेवल्यावर माझ्यासमोर येऊन बसली.

"त्या डब्यात काय लिहिता रोज? मला वाचून दाखवा," म्हणाली.

मी शेवटचं पत्र वाचून दाखवलं. माझा आवाज थोडा कापला, तो बरोबर जागी कापला असं मला वाटलं. झुंबरबाई लसूण सोलत होती. तिचा हात थांबला.

"माझं नाव काढा त्यातून."

"अगं, खरंच तर आहे. तू आजारी नव्हतीस का?"

"व्हते. मी कुठं नाय म्हणते. पण माझी बहीण चिमणा आली व्हती दोन महिने राहायला. भाकऱ्या ती करीत व्हती. आन् मी पोरीला थांब म्हणले व्हते का कधी? मी तर पत्राची वाट बघत व्हते, तिच्यावानी." लसणाच्या पाकळ्या तिने ताटलीत सारख्या केल्या. "तुमचं तुम्ही लिहा. माझ्या पोटाचं आपरेशन कशाला मधे घालता."

नंतर दिवसभर ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, तेच मला जड गेलं. चिमणाबाई आली होती हे मी खरोखर विसरलो होतो. निदान मला तसं वाटतं.

फोनवर छाया काय म्हणाली ते विचारलं तर झुंबरबाई म्हणाली, "काय नाय. तुमची तब्येत विचारीत व्हती, डोकं ठिकाणावर हाय का म्हणून." मी जास्त खोलात गेलो नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आईचा आजार काढून टाकला. तो काढल्यावर पत्रात फार काही उरलंच नाही. लिहिलं, मी ते पत्र ठेवून घेतलं. ठेवायला नको होतं. तुझी नाराजी मला समजते.

पाठवलं. सहावं. पुढच्या मंगळवारी, बाराला, हेच परत पाठवायचं ठरवलं आहे. कधीकधी दुसऱ्या गाडीला जागा मिळते.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सातवं. तेही पडून.

रविवार, २४ फेब्रुवारी

बारा दिवस काही लिहिलं नाही, इथेही आणि तिथेही. कॉम्प्युटरवर झुंबरबाईने कापड टाकून ठेवलंय.

वही माझी आहे आणि ही कुणी वाचत नाही, तर इथे तरी नीट लिहावं.

जून १९९०, तारीख चार. सकाळची पाळी होती. नाशिकरोडचा गठ्ठा माझ्याच पुढे आला. तपकिरी लांब पाकीट, वर कु. छाया गोटीराम, खाली आमचा पत्ता. कोपऱ्यात हैदराबादच्या संस्थेचा शिक्का. हात त्या खणाकडे गेला आणि तिथून परत आला. पाकीट शर्टाच्या आत गेलं. राहून गेलं नाही. टपालही त्या दिवशी फार नव्हतं, सोमवार असून.

दुपारी घरी येऊन मोरीत उभा राहून ते फोडलं. वीस जूनला हजर राहा असं लिहिलं होतं.

का केलं, ते मी बारा वर्षं नाना तऱ्हेने स्वतःला सांगितलं आहे. खरं हे आहे. रोज दोन वाजता मी पाळीवरून आलो की छाया भाकरी गरम करायची आणि समोर बसायची. मी एक पिनकोड सांगायचो, ती गाव सांगायची. मग ती गाव सांगायची, मी जिल्हा सांगायचो. तिला देशातली शेकडो गावं अशी पाठ झाली होती. झुंबरबाईला त्यात रस नाही, सुनील खेळायला पळायचा. दिवसभरात मला माणूस म्हणून कुणी विचारायचं ते त्या अर्ध्या तासात. ती गेली असती तर दोन वाजता मी एकटा जेवलो असतो. एवढ्यासाठी मी तिचं पत्र दाबलं.

पुढचं लिहायला हात उठत नाही, पण लिहितो. ती अडीच महिने रोज फाटकात उभी राहून पोस्टमनची वाट बघायची. एक दिवस जेवताना तिने विचारलं, "बाबा, एखादं पत्र हरवतं का हो?" मी म्हणालो, "टपालात काही हरवत नसतं. तुझं यायचं असेल तर येईल." आणि भाकरीचा घास मोडला.

रविवार, ३ मार्च

रावजीला सांगितलं. त्याने सहज विचारलं, पत्र गेलं का, आणि माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडलं, शर्टाच्या आतल्या पाकिटासकट.

रावजी ऐकत होता. चहा निवून गेला. मला वाटलं तो म्हणेल, होतं असं, बापाचं काळीज आहे. तो तसं काही म्हणाला नाही.

"मी शेजारच्या स्टुलावर होतो त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"होतास."

"बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की गोटीरामच्या हातून कागदाचा कपटा हलत नाही." टोपी हातात घेऊन तो तिच्या कडेला बोटं फिरवत राहिला. "मला त्या दिवशी बोलला असतास तर तुझ्या छातीवरून ओढून काढलं असतं मी ते आणि टाकलं असतं खणात. शिव्या दिल्या असत्या, पण टाकलं असतं."

उठताना तो म्हणाला की बसला उशीर होतोय. बसला अजून पाऊण तास होता. फाटकापाशी गेला आणि परत वळला. "पोरीला हे सांगितलंस का, जे मला सांगितलंस?"

मी नाही म्हणालो.

"मग कसलं पत्र जात नाही म्हणतोस? तू अजून लिहिलंच नाहीस," असं बोलून तो गेला. पुढच्या महिन्यात तो येईल की नाही, सांगता येत नाही.

मंगळवार, ५ मार्च

लिहिलं. २४ फेब्रुवारीचं पान समोर ठेवून, पाकीट, शर्ट, मोरी, वीस जून, दोन वाजताची भाकरी, सगळं. फाटकातलं उभं राहणंही लिहिलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. माफी मागतो असं शेवटी लिहिलं आणि माफ कर असं लिहिलं नाही. ते तिच्याकडचं आहे. साडेचार तास लागले. झुंबरबाईने मधे एकदा चहा आणून ठेवला.

पाठवलं आणि लगेच खण उघडला. पडलं होतं. आठवं. एवढं सगळं लिहूनही यंत्राने ते बाहेर जाऊ दिलं नाही. मी खुर्चीतच बसून राहिलो. मग मनात आलं, ठीक आहे, माझ्या हातून लिहून तर झालं. पण ते तिला मिळालं नाही तर लिहून काय उपयोग, असंही लगेच वाटलं.

मंगळवार, १२ मार्च

शुक्रवारी तेच पुन्हा टाइप केलं, आज पुन्हा. नववं आणि दहावं. काहीही गाळलं नाही. दर वेळी फाटकाच्या वाक्याशी आलो की बोट थांबतं, पण पुढे जातं. दोन्ही पडून आहेत. आता मला वाटतं, शिक्षा म्हणतात ती हीच असेल.

रविवार, १७ मार्च

सुनील काल आला. आज सकाळी कॉम्प्युटरपाशी बसला आणि म्हणाला, "बाबा, ताईला बरीच पत्रं पाठवलीत की."

"पाठवली कुठली. जात नाहीत. सगळी त्या खणात अडकली आहेत. तुझा हा डबा सदोष आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. "अडकली नाहीत बाबा. हा खण पाठवलेल्या पत्रांचा. मूळ पत्र जातं आणि एक प्रत इथे राहते, तुमच्या माहितीसाठी. ऑफिसात आवक-जावकमध्ये प्रत ठेवतात ना, तसं."

"म्हणजे पहिलं पत्र?"

"पोचलं. पाठवलंत त्याच मिनिटाला."

"आणि बाकीची?"

"सगळी. दहाच्या दहा."

त्याने एकही उघडून वाचलं नाही. नुसत्या तारखा बघितल्या. मग उठून आईकडे गेला आणि मोठ्याने भाजीपाल्याबद्दल बोलायला लागला. पोरगं शहाणं आहे.

सगळी पोचली. टपाल फार होतं, हे पोचलं. झुंबरबाईचं ऑपरेशन पोचलं, दोनदा. झालं गेलं विसरून जावं, हे तीनदा पोचलं. मी समजत होतो की मी एकच पत्र सुधारत बसलोय आणि चांगलं झालं की ते जाईल. ती तिकडे एकेक खोटं हातात घेत होती. आमच्याकडे टाकलेलं पत्र अर्ज करून परत घेता यायचं. सुनीलला विचारलं, इथे तसा अर्ज आहे का. तो नाही म्हणाला.

मंगळवार, २६ मार्च

इनबॉक्स रिकामा. या रविवारी छायाचा फोनही आला नाही. झुंबरबाई म्हणते लाइन खराब असेल. फोन चालू आहे, मी उचलून बघितला.

गुरुवार, ४ एप्रिल

आज पत्र आलं. इनबॉक्समध्ये, ठळक अक्षरांत. मी आधी झुंबरबाईला हाक मारली आणि मग उघडलं. तिला वाचून दाखवलं तसंच इथे उतरवून घेतो.

"बाबा,

दहा पत्रं मिळाली. पहिली तीन मी पुसून टाकली. आईच्या ऑपरेशनचं वाचून इतका राग आला की फोनवर तिलाच बोलले, तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का म्हणून. त्याच्या पुढच्या पत्रात आई नव्हती. तेव्हा कळलं की घरात काहीतरी बोलणं झालंय.

आठवं प्रयोगशाळेत वाचलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. फाटकाचं मला वाटलं होतं तुम्ही विसरला असाल.

ते एकटंच आलं असतं तर मी म्हटलं असतं, कुणीतरी समोर बसवून लिहून घेतलं. पण आधीची सात होती. खरं सांगायला तुम्हाला किती जड गेलं, ते मला त्या सातांवरून कळलं. आणि शेवटचं तुम्ही तीनदा लिहिलंत. तिन्हींतल्या चुका वेगळ्या आहेत, म्हणजे तीनदा बसून टाइप केलंत. का ते समजलं नाही, पण मी तिन्ही वेळा पूर्ण वाचलं.

माफ केलं असं आज लिहीत नाही. बारा वर्षं आहेत, बाबा. पण पत्रं थांबवू नका. काहीही लिहा, खरं असलं की पुरे. मे महिन्यात चार दिवस येते. स्टेशनवर या. लगेच काही बोलू नका, मला थोडा वेळ लागेल.

छाया"

झुंबरबाई म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा असं किती वेळा लिव्हलंय?"

दोनदा. मी आधीच मोजलं होतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

खरं असलं की पुरे, असं ती म्हणते. मग तीनदा का लिहिलं तेही खरं सांगायला हवं. तिला वाटत असेल की मी मन मोठं करून दहा वेळा पाठवलं. नाही सांगितलं तर पुन्हा एक पाकीट दाबल्यासारखं होईल.

लिहिलं की मला ती पत्रं गेलीच नाहीत असं वाटत होतं, कारण ती इथल्या खणात दिसत होती. पत्ता अपुरा म्हणून मी आणि रावजीकाकांनी पिनकोडही घातला. मग सेंड दाबलं. एवढ्यावरून ती उलटली असती तर माझी तक्रार नव्हती.

संध्याकाळी एका ओळीचं उत्तर: "बाबा, प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले, शेजारच्या बाईंनी येऊन विचारलं काय झालं."

रविवार, १४ एप्रिल

आता रोज एक पाठवतो. काल पाडव्याचं पाठवलं, आईने पुरणात मीठ जास्त घातलं ते लिहिलं. झुंबरबाईला ते आवडलं नाही, पण खरं होतं. लग्नाचं वगैरे काही विचारत नाही, तो अधिकार मी घालवला आहे. कधी तिचं उत्तर येतं, कधी येत नाही. एक दिवस सुरगाण्याच्या शाळेबद्दल तिने लिहिलं, ती सहा वर्षं अगदीच वाया गेली नाहीत म्हणून. ते माझी समजूत घालायला लिहिलं असेल तरी मी जपून ठेवलं आहे.

आज रावजी आला. आल्या आल्या मी स्क्रीनवर तिचं पत्र दाखवलं. वाचून झाल्यावर तो आत बघून म्हणाला, "वहिनी, आज चहा गरम असताना पितो."

शनिवार, ११ मे

छाया आली. मनमाडला गाडी बदलून सकाळच्या पॅसेंजरने. मी आणि झुंबरबाई तासभर आधीच फलाटावर होतो. केस थोडे पिकलेत तिचे. बत्तिसाव्या वर्षी पिकावेत असं काही नव्हतं. आईच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे बघितलं. मी ठरल्याप्रमाणे काही बोललो नाही. तिची बॅग उचलली आणि मागून चालत राहिलो. रिक्षात त्या दोघी मागे, मी ड्रायव्हरजवळ पुढे.

घर येईपर्यंत मी मान वळवली नाही. फाटकापाशी उतरलो. झुंबरबाई कुलूप काढायला पुढे गेली. आम्ही दोघंच फाटकात उभे होतो. मला तिथे उभं राहणं अवघड झालं, बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"बाबा," छाया म्हणाली.

मी बघितलं.

"काल आणि परवा पत्र पाठवलं नाहीत."

"तू निघाली होतीस ना. गाडीत तुला कुठून मिळणार?"

"तरी पाठवायची. परत गेल्यावर वाचली असती."

एवढं बोलून ती आत गेली. आता दुपार आहे. जेवणं झालीत. त्या दोघी आतल्या खोलीत बोलतायत, हसण्याचा आवाज इथपर्यंत येतो. मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, परवाचं, कालचं आणि आजचं अशी तीन पत्रं लिहिली आणि कोइमतूरला पाठवून दिली.